नॉर्मल नंबर चार

नाना,

आधी कबुली देऊन टाकते, मग बाकीचं बोलू. दसऱ्याला मी तुमच्या घरी आले होते तेव्हा तुम्ही विचारलंत, "तिसरं इंजेक्शन लिधं का?" मी म्हटलं, "घेतलं." तुम्ही उशीवर मान वळवलीत आणि पुढचा प्रश्न टाकलात. तो येणार हे मला ठाऊकच होतं. "टाइम?" मी म्हटलं, "सकाळी अकरा." तेवढ्यानं तुमचं समाधान झालं आणि तुम्ही डोळे मिटून घेतलेत. ज्या गोष्टीवर वेळ लिहिलेली ती गोष्ट खरी, हा तुमचा कायदा, आणि मी नेमकी त्याच कायद्याच्या आडून तुमच्याशी खोटं बोलले. इंजेक्शन मी घेतलंच नव्हतं. बाटली आपल्या लॅबच्या फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात, तशीच पडून होती.

त्यानंतर सहा दिवसांनी तुम्ही गेलात. काल तुमची गंधमुक्ती झाली, दिवसकार्य उरकलं. डिंडोलीच्या तुमच्या गल्लीत मांडव पुरला नाही, माणसं रस्त्यावर सतरंज्या टाकून बसली होती. मी चपला शोधत बाहेर आले तेव्हा एक अनोळखी म्हातारा शेजारच्याला सांगत होता, "हिरामणभाऊ सुई टोचे, ते समजेच नई." वीसेक वर्षं उधन्यात लोकांचं रक्त काढणाऱ्या माणसाला याहून चांगलं प्रशस्तिपत्र कोण देणार? हे तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं, आणि सांगायला तुम्ही नाही हे मग लक्षात आलं. म्हणून लिहायला बसले.

मी तुमच्याकडे आले ती प्लेगच्या दुसऱ्या वर्षी. सुरतेच्या त्या प्लेगात अख्खं उधना बोचकी बांधून गावाकडं पळालं होतं, भुसावळच्या गाडीला माणसं दांडीला लटकून गेली, आणि तुम्ही मात्र नानींना गावी धाडून लॅबची किल्ली कमरेला लावून इथंच राहिलात. ही गोष्ट मला तुम्ही कधीच सांगितली नाहीत. समोरच्या चहावाल्यानं सांगितली. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात की गाडीत जागा मिळाली नाही, म्हणून राहिलो. मोठेपणा अंगावर घ्यायची तुम्हाला लाज वाटायची, जशी दुसऱ्या कुणाला फाटक्या सदऱ्याची वाटते.

पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्यावर ओरडलात. सगळ्या लॅबमध्ये करतात तसं, कोर्सला शिकवलं होतं तसं, मी काचेची पिपेट तोंडात धरून सीरम वर ओढत होते. तुम्ही मागून येऊन ती हिसकावून घेतलीत आणि सरळ बादलीत टाकलीत. "रगत काय रस शे का, पेवाले?" मला रडू आलं. बापाच्या वयाचा माणूस, तोही पहिल्याच दिवशी! मी आमच्या वऱ्हाडी तोऱ्यात विचारलं, "काहून नाना, तुमी नाही का ओढत तोंडानं?" तुम्ही खिशातून लाल रबरी फुगा काढलात, दुसऱ्या पिपेटीला लावून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "मी वढी वढीच शिकनू. तू नको शिकू." तेव्हा ते मला उगाच वडीलधाऱ्यांचं बोलणं वाटलं. तो फुगा अजून माझ्याकडे आहे. रबराला चिरा पडल्यात, पण ओढतो.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. तुम्ही लॅबमध्ये बाटल्या धुवायला लागलात त्याआधी चार वर्षं लूमवर होतात. तिथं कापडाच्या प्रत्येक ताक्याला चिठ्ठी लागते: लूमचा नंबर, कारागिराचा नंबर, पाळी. कापडात धागा सुटलेला निघाला की चिठ्ठी बघायची, म्हणजे कुठं आणि कधी चुकलं ते कळतं. ती सवय तुम्ही रक्ताला लावलीत. प्रत्येक नळीवर चिकटपट्टीचा तुकडा, आणि त्यावर नाव, गाव आणि रक्त काढल्याची वेळ. बाकीच्या लॅबा नाव लिहून मोकळ्या व्हायच्या. आपल्याकडे मी वेळ विसरले की नळी माझ्यासमोर धरून तुम्ही म्हणायचात, "टाइम नई? मंग हाई रगत कव्हयनं शे, मी काय समजू?" आणि पेशंटला परत बोलवायला लावायचात. पेशंट मला शिव्या द्यायचे. मी तुम्हाला मनातल्या मनात द्यायची. देवाशपथ दिल्यात, आता लपवून काय करू.

याच चिठ्ठीनं पुढं डॉक्टरसाहेबांची परीक्षा घेतली.

डॉक्टरसाहेब म्हणजे लिव्हरचे डॉक्टर, आपल्याकडे तपासण्या पाठवायचे ते. बारीक चणीचे, गुजराती, बोलताना सारखा चष्मा पुसणारे. आपल्या भागातले लूमवाले, रंगखात्यावाले, कडियाकाम म्हणजे गवंडीकाम करणारे त्यांच्याकडे यायचे ते पोटात पाणी झाल्यावर, डोळे पिवळे झाल्यावर. तोवर उशीर झालेला असायचा. गेल्या वर्षी ते एक नवी तपासणी घेऊन आले. शरीरात एक द्रव्य असतं, ते रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावतं. जखम भरताना ते लागतं. पण लिव्हर सुकत चाललं की ते वाढतं, आणि लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ धरली की ती गाठही ते सोडते, कारण रक्त मिळाल्याशिवाय तिला वाढता येत नाही. साहेबांचा प्रश्न असा की हे द्रव्य रक्तात मोजलं, तर गाठ हाताला लागण्याआधी सुगावा लागेल का?

मला ते दोनदा सांगूनही कळलं नाही. तुम्ही एकदा ऐकलंत आणि दुसऱ्या दिवशी एका पेशंटच्या बायकोला सांगत होतात, "गाठ म्हंजे घुसेल भाडोत्री शे. घर मिळनं का पयले नळनी लाइन वढस. आमी ती लाइन शोधतस." तिला कळलं. मलाही तेव्हाच कळलं, आणि आपण डीएमएलटी, लॅबचा डिप्लोमा, झालोय याची जरा लाज वाटली. तुम्ही तर सातवी नापास.

चार महिने आपण रक्त गोळा केलं. उधना, डिंडोली, कडोदरा. एकीकडे लिव्हरचे पेशंट, दुसरीकडे तुलनेसाठी धडधाकट माणसं. धडधाकट माणसं आणायची कुठून? आपण दोघं आणि आजूबाजूच्या लॅबांतले आठ, असे दहा जण उभे केले. तुम्ही नॉर्मल नंबर चार, मी नॉर्मल नंबर पाच. तुम्ही त्यावरून मला चिडवायचात की निदान कागदावर तरी कुणीतरी तुला नॉर्मल म्हटलं.

पहिली प्लेट लावली त्या दिवशी लॅबला सणाची कळा होती. शहाण्णव खळग्यांची ती प्लास्टिकची थाळी. ज्या खळगीत द्रव्य जास्त तिथं रंग गडद पिवळा. निकाल पाहून साहेब खुर्चीतून उठलेच. कडोदऱ्याचे सगळे पेशंट गडद! तिकडं कारखाने आहेत, पाण्यात काही मिसळत असेल, नवाच शोध लागतोय, असं ते भराभर बोलायला लागले. मीही हरखले. वाटलं, आपण इतिहासात चाललो. तुम्ही मात्र नळ्यांच्या चिठ्ठ्या एकेक करून टेबलावर लावत बसलात, पत्ते लावावे तशा. मग तुमच्या त्या गुजरातीत म्हणालात, "साहेब, कडोदराना पेशंट वधारे बिमार नथी. कडोदरानो रस्तो लांबो छे."

साहेबांनी वाकून चिठ्ठ्या वाचल्या. मीही वाचल्या. कडोदऱ्याचं रक्त सकाळी आठला काढलेलं आणि बाराला आपल्याकडे पोचलेलं. उधन्याचं अर्ध्या तासात. नळीत रक्त गोठत पडलं की रक्त गोठवणाऱ्या पेशी फुटतात आणि तेच द्रव्य स्वतःच्या पोटातून नळीत सोडतात. म्हणजे आपण मोजत होतो तो आजार थोडाच, टेम्पोचा प्रवासच जास्त. हे साहेबांनी नंतर पुस्तकं चाळून सांगितलं. तुम्ही ते चार चिकटपट्ट्यांवरून सांगितलं होतं. ज्यांच्या नळीवर वेळ नसते, अशा किती लॅबमध्ये किती माणसं त्या दिवशी फुकट कॅन्सरचे पेशंट ठरली असती, कोण जाणे.

साहेब म्हणाले, "हिरामणभाई, तमे तो मारी आंखो खोली नाखी." पण ते शास्त्राचे माणूस, त्यांना पुरावा हवा. पुरावा तुम्हीच सुचवलात. दोन नॉर्मल माणसांचं रक्त घ्यायचं आणि सहा-सहा नळ्यांत वाटायचं. एक नळी रक्त गोठू न देणारी, तिचं रक्त लगेच सेंट्रिफ्यूजच्या यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या करून घ्यायच्या. बाकीच्या पाच अर्ध्या तासानं, तासानं, दोन, तीन, चार तासांनी. दोन माणसं कोण, तर तुम्ही आणि मी. तुम्ही माझं रक्त काढलंत, मी तुमचं. माझ्या हातून तुम्हाला टोचलेलं कळलं. तुम्ही तसं बोलूनही दाखवलंत.

आता मी जे लिहिणार आहे, ते सात महिने माझ्या पोटात आहे.

प्लेटमध्ये दोन ओळी शेजारी शेजारी होत्या, वरची माझी, खालची तुमची. दोन्ही ओळी डावीकडून उजवीकडे गडद होत गेल्या, तुम्ही म्हणाला होतात अगदी तशा. साहेबांनी ते पाहिलं आणि तुमची पाठ थोपटली. मी डावीकडची पहिली खळगी पाहत होते. माझी जवळजवळ पाण्यासारखी. तुमची पिवळी. लगेच फिरवलेलं रक्त, न गोठलेलं, रस्ता ना बिस्ता, आणि तरी पिवळी. मशीनचा आकडाही तेच सांगत होता. साहेब गेल्यावर मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही बघितलंत. चष्मा वर केलात, खाली केलात. मग म्हणालात, "सेंट्रिफ्यूज आज बरोबर फिरनं नई."

नाना, सेंट्रिफ्यूजमध्ये तोल राखायला तुमची नळी आणि माझी नळी समोरासमोर ठेवलेली होती. एकाच फेरीत दोन्ही फिरल्या. ते बिघडलं असतं तर माझीही बिघडली असती. हे मला तेव्हाच माहीत होतं, नळ्या मीच ठेवल्या होत्या. "यंत्र चुकलं म्हणणारा स्वतः चुकलेला असतो," असं मला तीन वर्षं सुनावणारा माणूस यंत्राला दोष देत होता, आणि मी म्हटलं, "हो ना, असेल." का म्हटलं? तुमचा हात कधी चुकत नाही असं मला वाटायचं, म्हणून. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. दुसरं काही विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही नवा फतवा काढलात. लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकानं हिपॅटायटिस बीची तीन इंजेक्शनं घ्यायची, आज एक, महिन्यानं दुसरं, सहा महिन्यांनी तिसरं. "डॉक्टरसाहेबना नियम शे." प्रत्येक म्हणजे तरी कोण, मीच एकटी! तुम्ही म्हणालात, माझी झालीत. पहिलं घेतलं तर दंड दोन दिवस दुखला. मी पुष्कळ कुरकुर केली. दुसऱ्याच्या वेळी मी टाळाटाळ केली तर तुम्ही सुई भरून माझ्या मागं उभे राहिलात आणि म्हणालात की टोचून घेशील तेव्हाच चहा मागवीन. कार्डावर तारीख आणि वेळ तुम्हीच लिहिलीत. मी म्हटलं, "नाना, हे रक्त नाही, इंजेक्शन आहे, याला वेळ कशाला?" तुम्ही म्हणालात, "लिखेल बरं ऱ्हास."

आपली भांडणंही त्याच दिवसांतली. मी म्हणायची, एक दिवस या आकड्यावरून कॅन्सर आधीच कळेल, पोटाला हात न लावता कळेल. तुम्ही म्हणायचात, आकडा फक्त एवढंच सांगतो की घरात काहीतरी गडबड आहे. लग्न आहे की भांडण, ते आत जाऊनच बघावं लागतं. मी म्हणायची, मग या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय? तुम्ही म्हणायचात, गडबड आहे हे कळल्यावर आत जायचं की नाही, हे तरी माणूस ठरवू शकतो ना? मी यावर काहीतरी खमंग उत्तर द्यायच्या बेतात होते. ते भांडण तसंच राहिलं. आता तुमचा मुद्दा खोडायला तुम्हीच नाही, आणि दुसऱ्या कुणाशी त्यावर भांडण्यात राम नाही.

गणपतीनंतर तुम्ही यायचे बंद झालात. पोट सुजलं, हातपाय काड्यांसारखे झाले. कॅन्सर हा शब्द तुमच्या घरात कुणी काढला नाही, पण लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला तो ऐकावा लागत नाही. तुमचं काम माझ्यावर पडलं. रोज ऐंशी नळ्या, आणि हो, प्रत्येकीवर वेळ. तिसऱ्या इंजेक्शनची तारीख नवरात्रात होती. बाटलीवर तुम्ही आधीच चिकटपट्टी लावून ठेवली होतीत: "सुनीता, तिसरं." मी रोज फ्रिज उघडायची, ती बघायची आणि दार लावायची. वेळ नव्हता हे खरं. पण खरं कारण असं की मला तुमचा राग आला होता. तुम्ही आजारी पडलात याचा राग. त्या पिवळ्या खळगीचा राग. तो मी त्या बाटलीवर काढला, आणि दसऱ्याला तुमच्या हातावर सोनं ठेवून तुमच्या तोंडावर खोटं बोलले.

काल सगळे पांगल्यावर नानींनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "त्यास्नी माले काहीच सांगेल नई. तुले सांगेल व्हतं का?" मी नाही म्हटलं. मग त्या म्हणाल्या, "कलेजानं दुखनं इतलं जुनं, अन् उलटं मालेच ताकदना तीन इंजेक्शनं दिधात. दर खेपले कार्डवर टाइम लिखेत." आणि त्यांनी फडताळातून कार्ड काढून दाखवलं. ताकदीची इंजेक्शनं नव्हती ती, नाना. माझ्या कार्डावर जे नाव होतं तेच तिथंही होतं. तारखा माझ्या तारखांच्या दुसऱ्या दिवशीच्या, तिसरी मी चुकवलेल्या तारखेच्या.

आज सकाळी लॅब उघडली आणि आधी तुमचा खण उघडला. किल्ली नानींनी दिली होती. तपासणीचं रजिस्टर तिथंच होतं. नॉर्मल नंबर चारची ओळ काढली. तुमचा दुसरा नियम असा की चूक कधी गिरवून झाकायची नाही. एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी खरं काय ते लिहून सही करायची. "नॉर्मल" या शब्दावर एक सरळ रेघ होती. शेजारी तुमच्या त्या शाळकरी अक्षरात: "हा नॉर्मल नाही. पेशंटमध्ये धरावा. हिपॅटायटिस बी तपासणी केली, पॉझिटिव्ह." खाली सही. आणि वेळ, दुपारी साडेचार. तारीख त्याच दिवसाची. मला सेंट्रिफ्यूजचं सांगितलंत दोन वाजता. मी चहा प्यायला खाली गेले होते तेवढ्यात तुम्ही स्वतःचं रक्त स्वतः तपासलंत.

मी रजिस्टर घेऊन तशीच डॉक्टरसाहेबांकडे गेले. विचारलं, स्टाफच्या इंजेक्शनांचा नियम तुम्ही कधी काढला होता? ते म्हणाले, "नियम? कैसा नियम?" मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि बराच वेळ घातलाच नाही. म्हणाले, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्यांच्याकडे गेलात. सोनोग्राफी केली. लिव्हर आक्रसलेलं आणि त्यात गाठ, संत्र्याएवढी. कापून काढण्यातली नव्हतीच. मी दोन वाजता भांडले असते तरी ती काही चार वाजता लहान झाली नसती, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी विचारलं नव्हतं. तुम्ही त्यांच्याकडे औषध मागितलं नाहीत. दोन गोष्टी मागितल्यात. एक, कुणाला सांगायचं नाही. दुसरी, नानींची आणि माझी तपासणी करून घ्यायची आणि आम्हाला इंजेक्शनं द्यायची. म्हणालात, "त्या पोरीला मी सांगितलं तर ती शंभर प्रश्न विचारील. नियम म्हटलं तर नुसती कुरकुर करील." बरोबर ओळखलंत. तेवढीच केली.

मला राग आला, नाना, तुमच्या तोंडावर सांगते. हा माणूस सहा महिने माझ्याकडून कुरकुर ऐकून घेतो, सुई धरून मागं उभा राहतो, आणि एका शब्दानं सांगत नाही की बाई, ज्या तोंडानं मी पंधरा वर्षं पिपेट ओढल्या त्याच तोंडानं मला हे दिलं, तुला मिळू नये म्हणून ही धडपड आहे. सांगितलं असतं तर मी धावत जाऊन तिन्ही घेतली असती. की नसती? कदाचित तुमच्यासाठी रडत बसले असते आणि त्यातच विसरले असते. तुम्ही मला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होतात, हे कबूल करायला मला जड जातं.

राग साहेबांच्या जिन्यापर्यंतच टिकला. खाली उतरताना मला तो पहिला दिवस आठवला, बादलीत पडलेली पिपेट आणि लाल फुगा. त्या दिवशी तुम्हाला स्वतःचं काही माहीत नव्हतं. नुसता अंदाज होता की हे चांगलं नाही, आणि माझ्यापर्यंत ते येऊ द्यायचं नाही असं तुम्ही तेव्हाच ठरवलं होतंत. माझं रक्त आजही स्वच्छ आहे. ते मी आज पुन्हा तपासलं. प्लेटमधली माझी पहिली खळगी पाण्यासारखी होती ती माझ्या नशिबानं नव्हे. तुमच्या ओरडण्यानं होती.

साहेबांनी जाता जाता एक कागद दाखवला. ही तपासणी ते डॉक्टरांच्या सभेत वाचणार आहेत. इंग्रजीतलं मला फारसं झेपत नाही, पण एका ओळीवर त्यांनी बोट ठेवलं: प्रत्येक नळीवर रक्त काढल्याची वेळ लिहावी आणि अर्ध्या तासाच्या आत रक्त फिरवून घ्यावं. त्यांनी विचारलं, नाव कुठं घालू? मी म्हटलं, नावाचं तुम्ही बघा, पण ती ओळ गाळू नका. ती ओळ म्हणजेच नाना आहेत. आणि नॉर्मल नंबर चार वगळून दहाऐवजी नऊच नॉर्मल धरा. त्यांनी आधीच धरले होते.

मग मी लॅबमध्ये परत आले आणि फ्रिज उघडला. बाटलीची मुदत अजून संपलेली नव्हती. साहेब म्हणाले होते, उशिरा घेतलं तरी चालतं, घेतलं नाही तर मात्र अर्धवट राहतं. त्यांच्या दवाखान्यातल्या सिस्टर माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी सुई भरली आणि म्हणाल्या, "हाथ आगळ करो." मी घड्याळाकडे बघितलं. अकराला सात मिनिटं कमी होती. मी म्हटलं, "सिस्टर, सात मिनिट उभा रहो." त्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं, पण थांबल्या. शेजारच्या लूमखात्याची खडखड चालू होती. तुम्ही टेबलाच्या पायांखाली घातलेल्या रबराच्या तुकड्यांवर मायक्रोस्कोप जागच्या जागी थरथरत होता.

बरोबर अकराला मी दंड पुढं केला. सुई टोचलेली कळली. तुमच्यासारखा हात कुणाचा नाही.

कार्ड मी स्वतः भरलं. वेळ, सकाळी अकरा, मी तुम्हाला सांगितली होती तीच. तारीख दसऱ्याआधीची लिहायचा मोह झाला, म्हणजे खोटं पुसलं गेलं असतं. पहिला आकडा लिहिलाही होता. मग त्या आकड्यावर एक सरळ आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी आजची खरी तारीख लिहून सही केली.